चोरांना दिलेली डबल बेल

डोणगावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर, दाराच्या चौकटीला लागून एक घंटी टांगलेली आहे. देवळातली नव्हे, लाल बसमधली. बाबा मेहकर डेपोला कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात, बाबा भंगारवाल्याकडे गेले. मोडीत निघालेल्या एका गाडीची घंटी त्यांनी तिथे हेरून ठेवली होती. घरी आणून त्यांनी ती चिंच लावून घासली, तिला नवी पांढरी दोरी ओवली आणि दोरीचं टोक ओट्यावरच्या आपल्या खुर्चीपर्यंत आणून सोडलं. म्हणजे बसल्या जागेवरून ओढता येते.

ही घंटी लागल्यापासून आमच्या घराला गाडीचे नियम लागू झाले. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे निघा. मी गावातल्याच शाळेत शिकवते. लग्न फार काळ टिकलं नाही, मुलीला घेऊन माहेरी आले ती इथलीच झाले. आई गेल्यावर तर घरात मी, माझी मुलगी आणि बाबा एवढेच उरलो. रोज सकाळी मी स्कूटी काढली की बाबा खुर्चीवरून डबल बेल द्यायचे, टण् टण्, आणि मगच मी निघायचे. एकदा घाईत मी बेलची वाट न बघता निघाले, तर मागून एकच ठोका पडला. मी कोपऱ्यावर करकचून ब्रेक दाबला आणि मुकाट्याने परत आले. ओट्यावर डबा राहिला होता. बाबांनी डबा हातात दिला आणि परत खुर्चीवर बसून रीतसर डबल बेल दिली.

गल्लीतले लोक हसायचे. मलाही सुरुवातीला लाज वाटायची. मग सवय झाली, आणि सवयीची मग गरज झाली. तेव्हा हे कळलं नव्हतं.

मोबाइलवर फसवणाऱ्यांचे फोन यायला लागले तसा बाबांना नवीन उद्योगच मिळाला. त्यांच्या गाडीत तीस वर्षं कोणी बिनतिकीट बसलं नाही, असं ते सांगायचे आणि त्यांच्यासोबत काम केलेले ड्रायव्हरही सांगायचे. फोनवरच्या माणसालाही ते तसंच तपासत. एकदा एकाने हिंदीत सांगितलं, मी तुमच्या बँकेच्या नांदुरा शाखेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद पडणार आहे. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला खुणेने जवळ बोलावलं.

"नांदुऱ्याहून बोलता का साहेब? बरं झालं. मी येतोच तिकडं. डोणगावहून नांदुऱ्याले याचं तर गाडी कुठं बदला लागते?"

उत्तर आलं, "अंकल, आप टैक्सी कर लीजिए."

"मेहकरले बदला लागते, मंग खामगावले," बाबा म्हणाले. "नांदुऱ्याच्या माणसाले हे मालूम नसते का बे? उतर खाली."

उतर खाली, हा बाबांचा शेवटचा शब्द. बिनतिकीट माणसाला ते असंच उतरवायचे. फोन ठेवून ते इतके खूश व्हायचे की त्या दिवशी एक भाकर जास्त खायचे. समोर राहणारी चाची, म्हणजे आमच्या गल्लीची शिलाईवाली, खिडकीतल्या मशीनवर बसल्या बसल्या सगळं ऐकायची आणि ओरडायची, "भाऊ, आज कोणाले उतरवलं?"

त्याच सुमारास शाळेने फसवणुकीपासून सावध करण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी पोरांकडून तीन नियम पाठ करून घेतले. फोन बंद करा, घरच्यांना सांगा, कोणाला पैसे पाठवू नका. मग मला जोर चढला. मी गल्लीतल्या बायकांना आमच्या ओट्यावर जमवलं, रंगीत खडूने फळ्यावर चित्रं काढली आणि तासभर बोलले. माझा स्वभाव आधीच फटकळ, त्यात हातात खडू. एकीने भोळेपणाने विचारलं की लॉटरी खरीच लागली असली तर? मी तिला सगळ्यांसमोर अशी काही झापली की बिचारी नंतर चहासुद्धा न घेता गेली. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते. सभा संपल्यावर त्यांनी डबल बेल दिली आणि बायका हसत हसत पांगल्या.

यानंतर आठच दिवसांनी आमचे दोन गॅस सिलिंडर चोरीला गेले. चोरीला गेले म्हणणंही बरोबर नाही. बाबांनी ते दिले.

झालं असं. मी शाळेत होते. दुपारी दोन तरुण माणसं छोटा टेम्पो घेऊन आली. गळ्यात ओळखपत्रं, पायात स्वच्छ बूट. म्हणाले, सरकारचा नवीन नियम निघालाय, सिलिंडर, पाइप सगळं तपासायचं आहे. बाबांनी अर्थातच विचारलं, कुठून आले? ते म्हणाले, मेहकरहून. रस्त्यातली गावं विचारली, तीही बरोबर सांगितली. तरीही बाबांनी त्यांना उभंच ठेवलं होतं. पण मग त्यातल्या एकाने पिशवीतून पावती काढायचं मशीन बाहेर काढलं.

इथे बाबांचा घात झाला. बाबांची बहुतेक नोकरी तिकिटांच्या ट्रेवर आणि पंचावर गेली, शेवटची काही वर्षं मात्र असंच एक मशीन त्यांच्या गळ्यात होतं. ते मशीन पाहून त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. त्या पोराला कागदाची गुंडाळी घालता येत नव्हती, पावती कोरीच येत होती. बाबांना राहवलं नाही. त्यांनी मशीन हातात घेतलं, झाकण उघडलं आणि म्हणाले, "उलटा लावला कागद. चमकती बाजू वर पाह्यजे." त्यांनी गुंडाळी नीट बसवून दिली, बोटाने पुसून झाकण लावलं, आणि मग आमचीच पावती आमच्याच बाबांच्या मदतीने सर्र करत बाहेर आली. तोवर दुसऱ्याने स्वयंपाकघरातले दोन्ही सिलिंडर टेम्पोत चढवले होते. तपासून संध्याकाळी परत आणतो म्हणाला.

बाबांच्या हिशेबाने हे चोखच होतं. पैसे घेऊन तिकीट देत नाही तो चोर, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. ज्याने छापील तिकीट दिलं, तो माणूस खरा. तपासणीची फीसुद्धा त्यांनी सुटे करून दिली.

टेम्पो सुरू झाला, पण आमच्या गल्लीत नवख्या माणसाला मागे घेता येत नाही. बाबा ओट्यावर उभे राहिले, डावीकडे घ्या, अजून घ्या, असं सांगितलं. गाडी सरळ झाल्यावर त्यांनी डबल बेल दिली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा पावती हातात घेऊन खुर्चीवर बसले होते. सहा वाजले, सात वाजले. मी पावती घेऊन वाचली. वर कोणाचं नाव नाही, गाव नाही. मधे फक्त "दोन नग तपासणीस जमा", आणि खाली "धन्यवाद, पुन्हा भेट द्या".

आज लिहिताना मला हसू येतंय. त्या दिवशी आलं नाही. माझा पारा चढला. चूल पेटवायला काही नव्हतं, कॉलेजसाठी अमरावतीला राहणाऱ्या मुलीचा फोन वाजत होता, आणि काय झालं ते पाहायला तीच गल्ली ओट्यासमोर गोळा झाली होती, जिला आठ दिवसांपूर्वी मी ज्ञान पाजलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि ती मी बाबांवर काढली.

"तुमी कंडक्टर होते ना बाबा?" मी सगळ्यांसमोर म्हणाले. "तीस वर्षं कोणी बिनतिकीट बसलं नाई म्हणे तुमच्या गाडीत! अन् चोरायले डबल बेल देता? स्वतःच्या हातानं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पावतीची चौकोनी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि आत गेले. चाचीने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "मास्तरीणबाई, सिलिंडर दुसरे भेटतीन," एवढंच म्हणाली आणि भाकरी टाकायला घरी गेली. त्या रात्री आम्ही तिने वाटीभर पिठल्यासोबत पाठवलेल्या भाकरी खाल्ल्या. म्हणजे मी खाल्ल्या. बाबांनी भूक नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली आणि सवयीने थांबले. बेल आली नाही. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती आणि घंटीची दोरी गुंडाळून वर खिळ्याला अडकवलेली होती.

आमच्याकडे रुसणं ही नवी गोष्ट नाही. पण बाबा रुसले नव्हते. ते बोलत होते, जेवत होते, दळण आणत होते. फक्त ओट्यावर बसत नव्हते, खुर्चीही आत नेली होती. बसस्टँडवर रोज सकाळी जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांसोबत चहा व्हायचा, तिकडे जाणं बंद झालं. फोन वाजला की तो माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "तू पाह्य. मले काही समजत नाई." ज्या माणसाला जिल्ह्यातल्या प्रत्येक फाट्यावर कोण उतरतं ते ठाऊक होतं, त्याला मी एका वाक्यात काही समजत नाही असं करून टाकलं होतं.

माफी मागायची मला सवय नाही. मी गुलाबजाम केले. नवीन घंटी आणू का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "कायले? आपण का गाडी चालवून राह्यलो?" चाची रोज खिडकीतून विचारायची, "तुया बापाची घंटी काऊन बंद हाय वं?" मी काहीतरी थाप मारायचे. असा जवळजवळ महिना गेला.

मग एका शनिवारी, सकाळची शाळा आटोपून मी घरी आले होते, बाबा आत जेवायला बसले होते आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. जाड आवाज. त्याने माझं नाव घेतलं, मुलीचं नाव घेतलं, तिच्या कॉलेजचं नाव घेतलं. अमरावतीच्या ठाण्यातून बोलतोय म्हणाला. तुमच्या मुलीला तिच्या मैत्रिणींसोबत पकडलंय, बॅगेत नशेची पुडी सापडली. मागून एक मुलगी रडत होती. "मम्मी, मम्मी" एवढंच ऐकू येत होतं.

माझी पोरगी मला आई म्हणते. जन्मात तिने मला मम्मी म्हटलेलं नाही.

आता हे लक्षात येतं. तेव्हा आलं नाही. तो म्हणाला, फोन बंद केला तर केस नोंदवू. घरात कोणाला सांगितलं तर केस नोंदवू. मोठी रक्कम पाठवा, मिटवून टाकतो. मी म्हणाले, एवढे पैसे माझ्या मोबाइलवरून जात नाहीत. तर म्हणाला, जवळच्या सेंटरवर जा, फोन चालूच ठेवा, कोणाशी बोलू नका. मी पन्नास पोरांकडून घोकून घेतलेले तिन्ही नियम त्याने मला एकेक करून मोडायला सांगितले, आणि मी एकेक करून मोडत गेले.

मी फोन कानाला लावून त्यावरून घट्ट स्कार्फ बांधला. चपला घातल्या. बाबा ताटावरून म्हणाले, "कुठं चालली वं उन्हाची?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. स्कूटीला चावी लावली, बटण दाबलं, हँडल वळवलं.

टण्.

एकच. पण असा जोरात की चाचीचं मशीन थांबलं. आणि माझ्या हाताने माझ्या आधी ऐकलं. ब्रेक लागला, गाडी जागेवर उभी राहिली. वळून पाहते तर बाबा ओट्यावर, बनियनवर, उष्ट्या उजव्या हाताने दाराची चौकट धरून उभे. दोरी खिळ्यावरून सोडायला वेळ नव्हता, म्हणून डाव्या हातातल्या पाण्याच्या पेल्यानेच त्यांनी घंटी हाणली होती. पाणी त्यांच्या अंगावर सांडलं होतं.

ते खाली आले. आधी स्कूटीची चावी काढून खिशात टाकली. मग माझ्या स्कार्फमधून फोन ओढला आणि स्पीकर लावला.

"कोण बोलून राह्यले साहेब?"

पलीकडून ओरडणं सुरू झालं. ठाणं, केस, जेल. माझं रडं फुटलं. "बाबा, पोरीले पकडलं," एवढंच मला म्हणता आलं. बाबांचा चेहरा एक क्षण पांढरा पडला, ते मी पाहिलं. त्यांची एकुलती एक नात ती. पण आवाज तसाच राहिला.

"अमरावतीहून बोलता का? येतो ना मी. लगेच येतो. डोणगावहून याचं तर गाडी कुठं बदला लागते साहेब?"

"ए बुड्ढे, दिमाग मत खा!"

महिनाभरात पहिल्यांदा बाबांच्या ओठांवर बारीक हसू आलं.

"बिनतिकीट दिसून राह्यले तुमी," ते म्हणाले. "उतरा खाली."

फोन बंद करून त्यांनी तिथेच उभ्याने नातीला लावला. सात-आठ रिंग वाजल्या. मग पलीकडून वैतागलेला आवाज आला, "काय आबा? डोकं धूऊन राह्यली ना मी! साबण डोळ्यात गेला." बाबांनी विचारलं, साबण कोणता वापरते? का तर दुसरं काही सुचेना म्हणून. ती म्हणाली, "आबा, तुमी हे विचाराले फोन केला?" आणि बंद केला.

मी ओट्याच्या पायरीवर बसले. घंटी ऐकून गल्ली जमली होतीच, त्याच सगळ्या बाया. लॉटरीवाल्या प्रश्नावरून जिला झापलं होतं तीही होती. चाची हातात टेप घेऊन तशीच धावत आली होती. "काय झालं भाऊ? कायची घंटी?"

मी मान खाली घातली. आता ते म्हणणार होते. तू मास्तरीण होती ना? फळा कोणी लिहिला होता? त्यांना म्हणायचा पुरेपूर हक्क होता, आणि ऐकायला लोकही तेवढेच होते.

बाबा म्हणाले, "काही नाई बाप्पा. बऱ्याच दिवसाची वाजवली नोती. घंटी चालू हाय का ते पाहून राह्यलो होतो."

आणि त्यांनी चाचीला सांगितलं, हिले जरा पाणी दे, ऊन लागलं हिले.

मला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "खोटं बोलून राह्यले बाबा. मले फोन आला होता. पोरीले पकडलं म्हणे. मी पैसे द्याले निघाली होती. यायनं घंटी देल्ली म्हणून थांबली."

मी वाट पाहत होते कोण आधी हसतं याची. तेवढ्यात चाची माझ्याशेजारी पायरीवर टेकली आणि हळूच म्हणाली, "मी पण फसली होती वं मागं. मोठी मशीन इनामात लागली म्हणे. कोणाले सांगतलं नाई. तू झापशीन म्हणून." मग लॉटरीवाली म्हणाली, "मीनं बी. म्हणूनच तं विचारलं होतं त्या दिवशी." मग तिसरीने सांगितलं की तिच्या नवऱ्याने दागिने चमकवणाऱ्यांना घरात बसवून जेवूही घातलं होतं, आणि ते जाताना डाळ छान झाली म्हणून गेले. आता मात्र हसण्याला काही धरबंध राहिला नाही. माझ्या ओट्यावर तासभर व्याख्यान देऊन जे निघालं नव्हतं, ते माझ्या रडक्या तोंडाने दहा मिनिटांत बाहेर आलं. चाचीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की यापुढे ज्या कोणाला असा फोन येईल त्याने आधी आमच्या ओट्यावर यायचं आणि एक घंटी द्यायची, मग काय करायचं ते करायचं.

बाबा या सगळ्यात नव्हते. ते आत जाऊन अर्धवट राहिलेलं जेवत होते.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "बाबा, त्या दिवशी मी सगळ्याइसमोर जे बोलली..."

"चाचीची पिठल्याची वाटी परत द्याची हाय," ते म्हणाले. "भरून देजो. रिकामी नको देऊ."

सोमवारी सकाळी मी स्कूटी बाहेर काढली, सुरू केली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. दोरी अजून खिळ्यालाच होती. मागे दूधवाल्याने हॉर्न वाजवला. चाची खिडकीतून पाहत होती. मी हलले नाही.

आतून आवाज आला, "गाडी काऊन थांबली वं?"

"बेल नाई झाली अजून," मी म्हणाले.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा खुर्ची घेऊन ओट्यावर आले, ती जागेवर ठेवली, टाचा उंचावून खिळ्यावरची दोरी सोडवली आणि बसले.

"डबा घेतला?"

"घेतला."

"हेल्मेट नीट लाव."

मी पट्टा लावला. दूधवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. बाबांनी त्याच्याकडे कंडक्टरच्या नजरेने पाहिलं, तो गप्प झाला. मग टण् टण्.

मी निघाले. कोपऱ्यापर्यंत मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं, पण रस्ता पाठ होता.